मॅकबेथचं स्वगत कुणाकडे बघून म्हणायचं?

मालवणहून प्रश्न: स्पर्धेसाठी शेक्सपिअरचं मॅकबेथ नाटक बसवतोय. खंजिराचं स्वगत आमचा नट थेट प्रेक्षकांना ऐकवतो. मला फार खटकतं. मॅकबेथच्या हातून राजाचा खून अजून व्हायचाय, आणि हा भाषण ठोकतोय!

वेंगुर्ल्याहून: खटकायलाच हवं. हवेतला खंजीर तो धरायला जातो, हाती लागत नाही. मग कमरेचा खरा उपसतो. तिथे नजर हातावरच राहू दे. आणि घंटा विसरू नका. ती बायकोने दिलेली खूण. इतका वेळ स्वतःशी झगडणारा माणूस त्या एका ठोक्यावर चालू लागतो. सगळा मॅकबेथ तिथे कळतो!

कुडाळहून: आमच्या दशावतारात नट संवाद आयत्या वेळी रचतात. तालमीत एकदा त्याला हे स्वगत मालवणीत, स्वतःच्या शब्दांत बोलू दे.

मालवणहून: आज रात्रीच घेतो. घंटा विंगेतून खरीच वाजवणार.