न बोलता कळलेलं: तुमच्या घरातल्या खुणा लिहा

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आणि उजव्या हातापायाबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टर याला वाचाघात म्हणाले. बाबांना आमचं बोलणं कळतं, काय सांगायचंय तेही मनात पक्कं असतं, शब्द तेवढे ओठांवर येत नाहीत. आता "हो" एवढा एकच शब्द उरलाय आणि "नाही"च्या जागीही तोच येतो. मी आणि भाऊ चित्रांचा तक्ता धरून बसायचो. पाणी हवंय? पंखा? पाय दुखतोय? ते वैतागून मान फिरवायचे. आई स्वयंपाकघरातून यायची, एकदा त्यांच्याकडे बघायची आणि खिडकीचा पडदा ओढायची. तेच हवं असायचं. "अगं, ऊन डोळ्यांवर आलं की त्यांची एकच भुवई आखडते. लग्न झाल्यापासून बघतेय."

हेच बाबा संध्याकाळी आईच्या बरोबरीने रामरक्षा जवळजवळ अख्खी म्हणतात. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं, लहानपणचं पाठांतर कधीकधी शाबूत राहतं.

मला मनकवडेपणाचे चमत्कार नको आहेत. रोज बघून बघून तयार झालेल्या खुणा हव्या आहेत. वाचताना चुकलेल्या असतील तर त्याही लिहा.

*

माझे आईवडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर. आधी एक गैरसमज दूर करते. हाताने बोलणं म्हणजे शब्दांविना बोलणं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. भारतीय सांकेतिक भाषेला तिचं व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द शेवटी येतो, "तुझं नाव काय" याच क्रमाने. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. त्या हलल्या नाहीत तर त्याच हातांनी साधं विधान होतं. 2021 मध्ये या भाषेच्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती निघाली, तिच्यात 10,000 शब्द आहेत. आमचं घर शब्दांनी भरलेलं होतं, आवाज तेवढा नव्हता.

शब्दांविना जे चालायचं ते वेगळंच. हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा खालीवर. आई पाठमोरी पोळ्या लाटत असेल तर ओट्यावर थाप, हादरा तिच्या हाताला लागायचा. आणि भांडणात सगळ्यात कठोर गोष्ट म्हणजे डोळे मिटून घेणं. मी हात हलवत राहायचे आणि ती डोळे मिटून उभी. आईने हे माझ्या आठवणीत दोनदाच केलं. दोन्ही वेळची कारणं मला आजही पाठ आहेत.

वीज गेली की घरातलं बोलणंच बंद. मेणबत्ती सापडेपर्यंत बाबा माझा तळहात धरून त्यावर अंगठ्याने गोल काढत राहायचे. त्याचा अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही, मी विचारला नाही. माझ्या मुलीला ऐकू येतं. तिला झोपवताना माझा अंगठा आपोआप तसाच फिरतो.

*

मी एसटीत कंडक्टर होतो. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे सगळ्यांना माहीत आहे. आंबेनळी घाटाच्या गाडीवर मी आणि एकच ड्रायव्हर बरीच वर्षं जोडीला होतो. दोन टोल्यांमध्ये मी किती थांबलो यावरून त्याला मागचं कळायचं. पाठोपाठ दिले तर सगळे बसलेत. मध्ये जरा जागा ठेवली तर कुणी म्हातारं माणूस अजून उभं आहे, गाडी हळू सोड. हे आम्ही कधी ठरवलेलं नव्हतं. तो निवृत्त झाल्यावर नव्या ड्रायव्हरला मी सवयीने तसेच टोले दिले, त्याने झटक्यात गाडी काढली आणि एक आजी पडता पडता वाचल्या. चूक माझी होती. मुक्कामाला पोचल्यावर त्याला बसवून सगळं सांगितलं.

*

2003 पासून मोबाइलवर येणाऱ्या फोनचे पैसे पडेनासे झाले आणि आमच्या घरात मिस्ड कॉलची भाषा सुरू झाली. मी पुण्यात शिकायला, घर परभणीला. एकदा वाजला म्हणजे जेवलो. दोनदा म्हणजे तू फोन कर, बोलायचंय. रात्री आई फोन समोर ठेवून वाजणं मोजत बसायची, हात लावायची नाही.

आता मी जर्मनीत आहे. उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. आई उठली की फुलांचं चित्र पाठवते. पूर्वी मी ते न बघताच पुढे सरकायचो, आज त्याची लाज वाटते. गेल्या जूनमध्ये एके सकाळी चित्र नव्हतं. तिकडे तेव्हा दहा वाजले होते. शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुबा मोडला होता. आता बरी आहे. चित्र रोज येतं आणि मी रोज लगेच उत्तर देतो.

*

सांगोल्याला रविवारी जनावरांचा बाजार भरतो, खिलार बैलांसाठी लांबलांबनं माणसं येतात. आमचे आण्णा तिथं दलाल होते. सौदा उपरण्याखाली. हातात हात, बोटं धरायची. एक बोट शंभराचं का हजाराचं ते बोलणीवरून दोघांना ठाऊक असतं. भोवती पन्नास माणसं उभी, पण भाव कुणाला कळत नाही.

एकदा एका शेतकऱ्याचा बैल विकायला निघालेला. गडी हसत बोलत होता, पण आण्णांनी उपरण्याखाली हात धरला तर तळवा थंडगार आणि ओला. आण्णांनी उपरणं सोडलं, त्याला चहाला नेलं. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. तो पडत्या भावात द्यायला तयार होता. आण्णांनी परत जाऊन घेणाऱ्याचा हात धरला आणि दोन बोटं वाढवून घेतली. दलाली घेतली नाही. हे आम्हाला त्या शेतकऱ्यानं सांगितलं, आण्णा गेल्यावर.

*

चुकलेलंही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. नवऱ्याला टाइप वन मधुमेह आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो कधीकधी जेवणाच्या आधी एकदम गप्प व्हायचा, विचारलं तर तुटक बोलायचा. मला वाटायचं, आईबद्दल बोलले ते लागलं असेल. मग मीही अबोला धरायची. एका रविवारी तसाच तो सोफ्यावर बसला होता आणि मी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आले तर शर्ट घामाने भिजलेला, प्रश्न कळत नव्हता. मशीन लावलं, साखर 41. गिळता येत होतं म्हणून ग्लुकोजचं पाणी थोडं थोडं पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा 78 झाली होती. त्याला त्या वेळचं काहीच आठवत नाही. मला ते लावलेलं दार आठवतं.

साखर 70 च्या खाली गेली की माणूस चिडचिडा होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण समोर बसलेल्या माणसात ते मला दिसलं नाही, मी त्याच्या गप्प बसण्यात माझंच भांडण वाचत होते.

आता तो गप्प झाला की मी आधी त्याच्या मानेला मागून हात लावते. ओली लागली तर ग्लुकोज, कोरडी असली तरी मशीन. आकडा बरा आला तर मग विचारते, रागावलायस का?