प्रतिकारशक्ती उत्तम असूनही टॉक्सोप्लाझ्मोसिसचा तीव्र आजार : अनुभव आणि मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग; तो मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या माती-पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या मांसातून होतो. आम्ही गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहतो. घराला लागून सुपारी-नारळाचे कुळागर आहे आणि पिण्याचे पाणी विहिरीचे. माझा थोरला भाऊ ३६ वर्षांचा असून त्याला आजवर कोणताही मोठा आजार झालेला नव्हता. पाऊस ओसरत आला तेव्हा त्याला ताप येऊ लागला आणि मानेला गाठी आल्या. आमच्याकडे अशा वेळी डेंगी, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसच्या तपासण्या आधी केल्या जातात. त्या निर्दोष आल्या. पुढे यकृताची एन्झाइम वाढलेली आढळली, प्लीहा सुजली आणि धाप लागू लागली. तिसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागले. साधे डोळे आले असावेत असे समजून केवळ थेंब दिले गेले आणि त्यात आठ दिवस वाया गेले, याची हळहळ आजही वाटते.

दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांनी बाहुली मोठी करून तपासले, तेव्हा पडद्यावर पांढरट दाहाचा डाग आणि डोळ्यातील द्रवात गढूळपणा दिसला. रक्तात टॉक्सोप्लाझ्माविरुद्धची आयजीएम (संसर्गानंतर आधी दिसणारी) व आयजीजी (नंतर येऊन टिकून राहणारी) दोन्ही प्रतिपिंडे सापडली. एचआयव्हीची चाचणी नकारात्मक आहे, साखर व्यवस्थित आहे, आणि आजारापूर्वी त्याने स्टेरॉइड कधीही घेतले नव्हते. तरीही नातेवाईक ‘प्रतिकारशक्तीच कमी असणार’ असे पुन्हा पुन्हा म्हणतात, त्याचे भावाला फार वाईट वाटते. बहुतेक निरोगी माणसांना या संसर्गाचा पत्ताही लागत नाही हे खरे. पण दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना आणि सुरिनाममध्ये धडधाकट प्रौढांची फुप्फुसे व इतर अवयव गंभीरपणे बाधित झाल्याची उदाहरणे आहेत, आणि तिथे या परजीवीचे वेगळ्या जातकुळीचे प्रकार आढळले आहेत. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे २००४-०५ मध्ये कोइम्बतूरला अनेकांना डोळ्यांचा हाच आजार झाला होता आणि पिण्याच्या पाण्यावर संशय होता.

सध्या त्याला पिरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक आम्ल चालू आहे. परजीवीवरील औषधाच्या आधाराशिवाय स्टेरॉइड दिल्यास डोळ्याचे नुकसान वाढू शकते, म्हणून ते नंतर जोडले गेले. ताप गेला, धाप थांबली, यकृताचे आकडेही उतरत आहेत. नजर मात्र अजून पूर्ववत नाही. डाग दृष्टीच्या मध्यबिंदूच्या जवळ असल्यामुळे तक्त्यावरची वरची मोठी अक्षरेच त्याला वाचता येतात. अशा जागी डाग असलेल्या कोणाची नजर किती दिवसांत आणि कितपत सुधारली, हे कळले तर आम्हाला धीर येईल. औषधांनी पेशींमधील परजीवीच्या सुप्त पुटी मरत नाहीत, त्यामुळे आजार पुन्हा उलटू शकतो असे डॉक्टर सांगतात. कोट्रायमॉक्साझोल हे सल्फायुक्त औषध दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यातील पुनरावृत्ती कमी होते, असे ब्राझीलमधील अभ्यासांत दिसले आहे. इथे कोणी ते घेतले आहे का, आणि सल्फा औषधाची अॅलर्जी झाल्यास काय दिले गेले?

दुसरी काळजी वहिनीची आहे. तिला तिसरा महिना चालू आहे. तिची आयजीजी आणि आयजीएम दोन्ही नकारात्मक आली, म्हणजे तिला हा संसर्ग आजवर झालेला नाही आणि त्यामुळेच तो आता होऊ शकतो. नव्याने बाधित झालेले मांजर एक ते तीन आठवडे विष्ठेतून परजीवीच्या लाखो अंडपुटी (अंड्यांसारखी टिकाऊ रूपे) टाकते, त्या ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि क्लोरीनने मरत नाहीत. आमची दोन मांजरे कुळागरातच वावरतात. त्यांना सोडून द्यावे असे मला मुळीच वाटत नाही. रानातली मांजरे तर येतच राहणार. पाणी उकळून पिणे, मांस पूर्ण शिजवणे आणि मातीत हात घालताना हातमोजे वापरणे एवढे आम्ही सुरू केले आहे.

उघड्या विहिरीत पावसाचे वाहते पाणी उतरू नये म्हणून कुळागर असलेल्या कोणी कठडा वा झाकण कसे केले, आणि गरोदरपणात ही रक्ततपासणी किती दिवसांनी पुन्हा करून घेतली, हे कृपया सविस्तर लिहावे. तिच्या डॉक्टरांची पुढची भेट सोमवारी आहे.