पेंडल्टन कायद्याने वशिला लगेच संपला नाही
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या हत्येनंतर आलेल्या १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने, म्हणजे सरकारी नोकऱ्या परीक्षेने देण्याच्या कायद्याने, पक्षाच्या वशिल्याच्या नेमणुका संपल्या, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के केंद्रीय नोकऱ्या परीक्षेखाली आल्या: वॉशिंग्टनमधली खाती, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेली टपाल व जकात कार्यालयं. खेड्यातला पोस्टमास्तर पक्षाचाच राहिला.

खरी मेख पुढे आहे. परीक्षेखाली येणाऱ्या पदांची यादी वाढवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे होता. त्यामुळे पायउतार होणारा अध्यक्ष आपल्याच पक्षाच्या माणसांची पदं यादीत टाकून त्यांना पक्कं करून जाई. हेतू स्वार्थी, पण यादी वाढतच गेली! पगारातून सक्तीची पक्षवर्गणी मात्र कायद्याने थेट गुन्हा ठरवली. पक्षांच्या तिजोरीवरचा तो मोठा घाव होता. सबळ कारणाशिवाय बडतर्फी नाही, हे संरक्षण कायद्यात यायला १९१२ उजाडलं.