पावसाळ्यात पहिनेला गाड्या बंद, फक्त बस: चालेल का?

सोमेश्वरचा वारा: रविवारी नाशिकजवळ त्र्यंबक-घोटी रस्त्यावर पहिनेच्या धबधब्याच्या अलीकडे दोन तास अडकलो. दोन्ही कडेला लावलेल्या गाड्या, मधे एसटी रुतल्यासारखी उभी. शेवटी कंडक्टरनेच दार उघडलं, लोक छत्र्या उघडून चालू लागले.
बहीण अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असते. तिथल्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये आल्टा आणि स्नोबर्ड ही स्कीइंगची ठिकाणं, वर जायला रस्ता एकच. बर्फ पडला की हीच रांग. २०२३ मध्ये वाहतूक खात्याने ठरवलं: आधी जादा बस आणि गाड्यांना टोल, पुढे सुमारे १३ किलोमीटरचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे. आपल्याला गोंडोला नको, पण शनिवार-रविवार गाड्या त्र्यंबकलाच थांबवून पुढे बस सोडायला काय हरकत आहे?

कणीसवाला: हरकत आहे ना! माझी टपरी त्याच रस्त्याला. वर्षाची कमाई त्या आठ-दहा रविवारांत. बस थेट धबधब्यापाशी सोडणार, मग कणीस कोण खाणार? तुम्ही दोन तास अडकलात त्यात तीन चहा माझ्याकडेच झाले असतील.

डबल बेल: दादा, नवरात्रात नांदुरीला बघा. खासगी गाड्या खालीच, सप्तशृंग गडावर एसटीच जाते. बस सुटते तिथे माणूस ताटकळतो, आणि ताटकळणारा चहा पितोच. माझी शंका वेगळी आहे. मुंबईकर घोटीकडून येतात. त्र्यंबकला अडवून अर्धीच कोंडी सुटेल, घोटीकडेही वाहनतळ हवा. नाहीतर बससुद्धा त्याच गाड्यांमागे उभी.

दोन पोरांची आई: दोन्ही पोरं नखशिखांत ओली, एकाची चप्पल वाहून गेलेली. कपडे बदलायचे कुठे? आम्हाला गाडी म्हणजे आडोसा. आणि शेवटची बस हुकली तर?

सोमेश्वरचा वारा: ताई, स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटला गाड्या जातच नाहीत. टेशला लावायच्या आणि ५ किलोमीटर रेल्वेने. लोक स्कीसकट चढतात.

दोन पोरांची आई: तिथे दर वीस मिनिटांनी गाडी येते हो. आपल्याकडे आधी वेळापत्रकाचा बोर्ड आणि बायकांसाठी कपडे बदलायची खोली बांधा, मग माझी गाडी अडवा. तोवर नाही.

कणीसवाला: बसचा थांबा माझ्या टपरीसमोर देणार असाल तर बोलू.