घोडं अडतं ते सातबाऱ्यावर

ग्रामपंचायतींना पाण्यासाठी पैसाच मिळत नाही, असं बरेचजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेली होती. जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळाने पाणी देण्याची केंद्राची योजना) गावातल्या कामांच्या खर्चात गावाचा वाटा साधारण १० टक्के, डोंगरी भागात ५, आणि तो श्रमदानातूनही देता येतो. हे किती सरपंचांना ठाऊक असतं?

माझा अनुभव मुळशीतल्या एका गावाचा. पुण्यातून शनिवार-रविवार जाऊन आम्ही तिघं तिथल्या पाणी योजनेच्या प्रस्तावाची कागदपत्रं जुळवायचो. अंदाजपत्रक झालं, ठराव झाला, आणि प्रस्ताव परत. का? टाकीची दोन गुंठे जागा ज्या आजोबांनी "घ्या की, गावाचंच आहे" म्हणून दिली होती, तिच्या सातबाऱ्यावर त्यांच्यासकट अकरा नावं. त्यातल्या दोन बहिणी मुंबईला. बक्षीसपत्रावर सगळ्यांच्या सह्या व्हायला चार महिने गेले. (एक सही तर लग्नाच्या मांडवात घेतली!) दुसरी त्रुटी उद्भवाची, म्हणजे पाणी जिथून घ्यायचं त्या स्रोताची. विहिरीची पाणी-चाचणी आम्ही ऑक्टोबरात केली होती, तेव्हा मुळशीत कुठलीही विहीर तुडुंबच असणार. मे महिन्यात पुन्हा केली तर तासाभरात तळ दिसला. मग विहीर बदलून ओढ्याकाठची घेतली. तेव्हा कुठे योजनेतला माणशी रोज ५५ लिटरचा हिशोब बसला.

तेव्हा कुणी नवा प्रस्ताव करत असेल तर आधी तलाठ्याकडे जा, इंजिनिअरकडे नंतर.