एकदा पडलेली झावळी कुत्रा विसरत का नाही?

आगरवाट, गुहागर:
दोन वर्षांपूर्वी आमच्या आगरात एक वाळलेली झावळी कुत्र्याच्या शेपटीजवळ येऊन आदळली. त्याला लागले काहीच नाही, परंतु तेव्हापासून तो त्या माडाला वळसा घालून, पोफळींमधून विहिरीकडे जातो. याच कुत्र्याला पुढचा पंजा हातात द्यायला शिकवताना मात्र महिनाभर रोज पोळीचे तुकडे द्यावे लागले. हा फरक मेंदूतील रसायनांमुळे पडतो का?

कातळफूल:
बऱ्याच अंशी होय. प्राणी दचकला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडतात. हे संप्रेरक स्वतः मेंदूत फारसे शिरत नाही. ते छाती-पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेमार्गे मेंदूच्या खोडाला चेतवते, तेथून अमिग्डाला या मेंदूतील भीतीशी निगडित भागात नॉरअ‍ॅड्रेनालिन स्रवते आणि अमिग्डाला हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागात आकार घेत असलेली जागेची आठवण बळकट करते. स्मरणाचे अभ्यासक जेम्स मॅकगॉ यांच्या प्रयोगांत उंदरांना शिकवून झाल्यावर लगेच उत्तेजक औषध टोचले, तरी त्यांचे स्मरण सुधारत असे. काही तासांनी टोचल्यास तो परिणाम दिसत नसे. म्हणजे ताजी आठवण काही काळ ओल्या गिलाव्यासारखी असते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. औषधाची मात्रा फार वाढली तर मात्र स्मरण उलट बिघडते.

ओहोटी:
पंजाच्या शिकवणीत खाऊच्या ओढीने मेंदूत स्रवणारे डोपामिन हे रसायन आणि सराव यांचा वाटा मोठा. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी अ‍ॅप्लिसिया या सुमारे २०,००० चेतापेशींच्या समुद्री गोगलगाईवर केलेल्या कामातून (त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळाले) सरावाचे रसायन उलगडले. तिच्या चेतापेशींवर सेरोटोनिन हे चेतारसायन एकदाच सोडले तर पेशींमधली जोडणी काही मिनिटेच बळकट राहते. थांबून थांबून पाच वेळा सोडले तर क्रेब नावाचे प्रथिन जनुके जागी करते, नवी प्रथिने तयार होतात आणि परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो.

आगरवाट:
मनापासून आभार. मग ही भीती पुसता येईल का?

कातळफूल:
जुनी आठवण सहसा पुसली जात नाही. तिला आवर घालणारी नवी आठवण शेजारी घडवावी लागते. रोजची भाकरी त्या माडापासून लांब ठेवावी आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागला की दर आठवड्याला हातभर जवळ आणावी. त्याआधी वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात, कारण आणखी एक पडली तर सगळे पहिल्यापासून करावे लागेल.