५० वर्षांच्या गाडीला माफी कशातून हवी, टॅक्समधून की तपासणीतून?

फियाट७२, छ. संभाजीनगर
वडिलांची १९७२ ची फियाट अजून चालू आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला १०,००० रुपये लागतात. २०२२ च्या आधी हेच काम ६०० रुपयांत व्हायचं. दर ५ वर्षांनी हा खर्च, वर पर्यावरण कर वेगळा. दुसरी वाट २०२१ च्या व्हिंटेज नियमाची. गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर २०,००० भरायचे, नंबरात ‘व्हीए’ येतं आणि नोंदणी १० वर्षं चालते. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल नि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आईला खुलताबादला भद्रा मारुतीला नेलं की नियम मोडला! इंग्लंडात ४० वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला रोड टॅक्स नाही, वार्षिक तपासणीही नाही, आणि ती रोज चालवली तरी कुणी अडवत नाही. आपल्याकडं हे का नको?

पानेवाला, जालना
टॅक्स माफ करा, माझं काही म्हणणं नाही. तपासणी मात्र सोडू नका. तुमच्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकची लाइन एकच. एका चाकाच्या सिलेंडरचं रबर गेलं, ऑइल गळालं, की पेडल थेट खाली. चारही चाकांचा ब्रेक गेला. त्यात या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलेंडर आतून गंजतो, बाहेरून पॉलिश मात्र आरशासारखी. मालक म्हणतो, ‘वर्षात दोनदाच काढतो हो.’ अहो, म्हणूनच तर भीती! कन्नडचा घाट उतरताना ती गाडी माझ्या मागं नको.

फियाट७२
दादा, तपासणी होते कुठं? मागच्या रिन्यूअलला एका आरटीओत साहेबांनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, हॉर्न वाजवायला लावला, झालं पासिंग. ब्रेकला कुणी हात लावला नाही. १०,००० त्या पेन्सिलीचे का?

डिझेलजीप, लातूर
तुम्ही दोघं फियाटवरच अडकलात. आमची जीप १९६९ ची. पेट्रोल परवडंना म्हणून आजोबांनी तिच्यात डिझेल इंजिन टाकलं, रीतसर नोंद करून. व्हिंटेजच्या नियमात इंजिन, चेसिस किंवा बॉडीत बदल चालत नाही. म्हणजे आम्ही बाद. इकडं कितीतरी जीपा नि अँबेसिडर अशाच डिझेलवर नेलेल्या आहेत, अँबेसिडरला मॅटाडोरचं इंजिन तर सर्रास. गाडी पोर्चमध्ये झाकून ठेवणाऱ्याला मान, आणि बी-बियाणं वाहून जिनं घर चालवलं ती भंगार?

गोदाकाठ, परभणी
हौसेला मोल नसतं म्हणता ना, मग भरा की! माझ्या चुलत्याची १९९८ ची एम-८० रोज दुधाच्या किटल्या नेते. २० वर्षांवरच्या दुचाकीला आता २,००० रुपये, पर्यावरण कर निराळा. भंगारवाला तिचे तेवढे देईल का, शंकाच आहे. तिला व्हिंटेज व्हायला अजून वीसेक वर्षं आहेत, तोवर चुलते राहतात का बघू. सवलत द्यायचीच तर आधी पोटासाठी चालणाऱ्या गाडीला द्या.

पानेवाला
गोदाकाठ, तुमचं पटतं, पण त्या एम-८० चे ब्रेकही बघायलाच पाहिजेत. फियाटवाले साहेब, इंग्लंडाऐवजी जर्मनी बघा. तिकडं ३० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या कारला नंबराच्या शेवटी ‘एच’ मिळतो, टॅक्स ठोक, वर्षाला १९१ युरोच्या आसपास. पण दर २ वर्षांची तपासणी सुटत नाही. गाडी रोज वापरा, कुणी विचारत नाही. पैशात सूट, ब्रेकमध्ये नाही.

फियाट७२
हे चालेल. पण क्रम पाळा. आधी फी उतरवा आणि ब्रेक मशीनवर तपासा, मग सक्ती करा. आपल्याकडं फी आधी वाढते आणि मशीन ‘लवकरच येणार’ असतं.

डिझेलजीप
आणि आमच्या इंजिनाचं काय ठरलं?

पानेवाला
ठरवणारा मी कोण, दादा? मला विचाराल तर नोंद असलेलं जुनं इंजिन चालवून घ्यावं. ते बदलूनही चाळीसेक वर्षं झाली असतील.

गोदाकाठ
घ्या! म्हणजे जीपही सुटली. एम-८० चं कुणीच बोलंना.